सातबाऱ्यावर भूक लिहिलेली नसते

पूर ओसरला की वस्तीच्या तोंडाशी पहिला येतो तो पंचनाम्याचा कागद. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. हातात तक्ता, रकाने ठरलेले: गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी. घर पडलं तर रकाना आहे. जनावर वाहून गेलं तर रकाना आहे. हातचं काम वाहून गेलं तर रकाना नाही. ज्याच्या नावावर सातबारा त्याचं पीक बुडालं. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचं काय बुडालं? काहीच नाही. कागद तसंच म्हणतो, आणि कागद म्हणेल तेच सरकार म्हणतं.

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यानं हे पाहिलं. परंडा, भूम, वाशी, कळंब. नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. घराच्या छपरावर रात्र काढलेल्या माणसांना उचलायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, ते उभ्या जागी कुजलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं राज्यातल्या पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, तिथं आमचा वाद नाही. ज्याची माती खरवडून गेली त्याच्या ताटातलं ओढून घ्यायला आम्ही बसलेलो नाही. आमचा सवाल दुसराच आहे. ते सोयाबीन काढायचं गुत्तं ज्या बायाबापड्यांनी धरलं असतं, त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर ज्यांची दिवाळी, ज्यांचं किराण्याचं मागचं खातं, पोरांची फी उभी होती, ते कुठल्या रकान्यात बसतात? आणि आमच्यातले जे गायरान कसतात, बापाच्या हयातीपासून कसतात आणि अजून ज्यांच्या नावावर ते चढलेलं नाही, त्यांचं कुजलेलं पीक कुणाच्या नावावर कुजलं?

निकष वाचा. कायदा न वाचता घोषणा देणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पिकाचा हिशोब हेक्टरात आहे: कोरडवाहूला ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. शून्य हेक्टर गुणिले कितीही रुपये, उत्तर शून्य. पण त्याच निकषांत आणखी एक ओळ आहे. आपत्तीनं ज्या कुटुंबांची उपजीविका गंभीरपणे बुडाली, त्यांना रोजच्या पोटापुरती मदत देता येते. ही ओळ वापरायची तर कुणीतरी दाखवून द्यावं लागतं की उपजीविका बुडाली. जमिनीचं बुडणं तलाठी दाखवतो. मजुरीचं बुडणं कोण दाखवणार? तो पुरावा कुठं सापडणार?

मी सांगतो कुठं. बाजारात.

आता तुम्ही म्हणाल, बाजार म्हणजे शेठजीचं राज्य. तिथं आपली भूक कोण लिहून ठेवतो? ऐका. आपल्या आज्या-पणज्याच्या पोटाचा हिशोब खळ्यावर व्हायचा. वतनाची राबणूक करायची, सुगीत खळ्यावर उभं राहायचं, आणि मालकाच्या मर्जीनं पसाभर बलुतं पदरात घ्यायचं. वर्ष चांगलं असलं तरी पसाच, वाईट असलं तर शिव्या. बाबासाहेब १९४१ च्या २२ आणि २३ फेब्रुवारीला कसबे तडवळ्याला आले. आज हे गाव याच धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथं महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतनाच्या जोखडातून मान काढायची, हाच तर त्या सगळ्या चळवळीचा अर्थ होता. मान निघाली. खळं सुटलं. आपण मजुरीचे रोख पैसे घेऊन आठवड्याच्या बाजारात गेलो, आणि कुणापुढं हात न पसरता दोन किलो ज्वारी मागितली. गिऱ्हाईक म्हणून मागितली. ही छोटी गोष्ट नाही.

पण त्यामुळंच आपली भूकसुद्धा खळ्यावरून बाजारात आली. आज भूमिहीन माणूस धान्य पिकवत नाही, विकत घेतो. रेशनचं पाच किलो सोडलं तर डाळ, तेल, मीठ, मिरची, चहा, साखर आणि महिन्याच्या मागच्या पंधरा दिवसांचं पीठ, सगळं विकत. म्हणून पूर, दुष्काळ, भूकंप, टाळेबंदी असा दणका बसला की त्याचं पोट दोन वाटांनी मरतं. एक तर दुकानातला माल संपतो. नाही तर खिशातला पैसा संपतो. पहिली वाट सगळ्यांना दिसते. दुसरी फक्त दुकानदाराला दिसते, कारण त्याच्या दुकानापुढची गर्दी विरळ होते.

या दुसऱ्या वाटेनं माणसं कशी मरतात ते जगानं पाहिलंय. इथिओपियाच्या वोलो प्रांतात १९७३ मध्ये दुष्काळ पडला. डेसी गावच्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढले नाहीत, कारण भाव चढवायला लोकांच्या हातात पैसाच नव्हता. उलट त्या प्रांतातून धान्य बाहेर गेलं. बांगलादेशात १९७४ मध्ये पूर आला, शेतमजुरांचं काम गेलं, माणसं मेली. आणि माणशी धान्य मात्र त्या वर्षी आजूबाजूच्या वर्षांपेक्षा जास्त होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात हे आकड्यांनी मांडलं. बाजारात धान्य आहे म्हणजे माणसाला ते मिळतंय असं नव्हे. आपल्या बायकांना हे सेनच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यांनी फक्त पुस्तक लिहिलं नाही.

आणि उलटा दाखला घरचाच आहे. १९७२ चा दुष्काळ. उस्मानाबादनं तो हाडापर्यंत सोसला. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडून फुटलेले हात, हे सगळं घराघरात सांगितलं जातं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ज्याँ द्रेझ यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास केला आणि दाखवलं की सरकारी धान्य अपुरं होतं, तरी कामाची मजुरी लोकांच्या हातात पडली, आणि त्या पैशानं बाजारात धान्य ओढून आणलं. हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्याच्या पायाखाली त्या बायांची खडी आहे. तेव्हा मदत म्हणजे कधी धान्य, कधी काम, कधी रोकड. केव्हा काय, ते बाजाराला विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून हा मजकूर. पुढच्या दणक्याआधी आपल्या पोरापोरींनी धाराशिवच्या बाजारांची, व्यापाऱ्यांची पाहणी करायची तयारी करून ठेवायची. कशी, ते नीट सांगतो. भाषण नंतर.

पहिलं काम पूर यायच्या आधीचं. आज, सगळं ठीक असताना, भाव काय आहे ते लिहून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. ज्वारी पन्नास रुपये झाली हे ओरडून काय उपयोग, आधी किती होती? तीही त्याच महिन्यात मागल्या वर्षी किती होती? सुगीचा भाव आणि पावसाळ्याचा भाव एक नसतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या बाजाराच्या दिवशी, भावाची वही भरत राहायची.

दुसरं, बाजार निवडायचे. सगळे नको, झेपतील तेवढेच. पण एकाच जातीचे नको. एक तालुक्याचा मोठा, एक आतल्या गावचा आठवडी, आणि एक असा की ओढ्याला पाणी आलं की ज्याचा रस्ता तुटतो. माल कुठून येतो ते समजून घ्या. परंडा-भूमचा ओढा बार्शीकडं. कळंबचा लातूरकडं. उमरगा सोलापूर-हैदराबादच्या हमरस्त्यावर. बार्शीचा रस्ता बंद झाला तर परंड्याच्या किराण्यात किती दिवसांचा माल उरतो? हा प्रश्न पूर आल्यावर विचारायचा नसतो.

तिसरं, विचारायचं कुणाला? नुसत्या आडत्याला विचाराल तर आडत्याचं जग कळेल. आडत्या, होलसेलवाला, वस्तीजवळचा किराणा, रेशन दुकानदार, आणि जमिनीवर पोतं अंथरून मिरची-भाजी विकणारी बाई, सगळ्यांना विचारा. पीठगिरणीवाल्याला विसरू नका. पायलीचं दळण आणणारं घर दोन किलो आणायला लागलं की भूक कुठवर आली ते त्याला तराजूवर दिसतं. हमालांना विचारा, ते तर आपलेच आहेत. आडत्याच्या गोदामात काय आहे हे आडत्या सांगणार नाही, पण पोती ज्याच्या पाठीवरून गेली त्याला ती मोजावी लागत नाहीत. शेळ्यांच्या बाजारात जा. उस्मानाबादी शेळी म्हणजे भूमिहीन बाईची बँक. एका बाजाराला अचानक दुप्पट शेळ्या आल्या, गाभण शेळीसुद्धा विकायला आली आणि भाव पडला, तर समजा, बँक मोडली. आणि मुकादमाला विचारा. तोही व्यापारीच, माणसांचा. ऊसतोडीची उचल घ्यायला दरवर्षीपेक्षा जास्त जोड्या आल्या का, लवकर आल्या का, कमी उचलीवर तयार झाल्या का? माणूस स्वस्त होणं हीसुद्धा बाजारभावातली नोंद आहे.

चौथं, विचारायचं काय? भाव विचारा, पण एकाच वाणाचा, एकाच मापाचा. शाळूचा भाव एकीकडं आणि हायब्रीडचा दुसरीकडं लिहून आणाल तर सगळी वही रद्दी. पाच-दहा रुपयांच्या पुडीचा भाव वेगळा लिहा, कारण गरीब माणूस किलोनं घेत नाही, पुडीनं घेतो आणि किलोला जास्त मोजतो. साठा किती दिवस पुरेल? नवा माल आणायला आधी किती दिवस लागायचे, आता किती? अडचण कशाची: रस्ता, गाडी, भांडवल की वरूनच माल नाही? गिऱ्हाईक दुप्पट झालं तर आठवड्यात माल आणता येईल का? हा शेवटचा सवाल सोन्याचा आहे. ‘येईल’ म्हणाला तर तिथं रोकड द्यावी. ‘नाही’ म्हणाला तर आधी धान्याचा ट्रक.

आणि एक सवाल आपला, जो साहेबांच्या फॉर्मवर सापडणं कठीण: उधारी कुणाची बंद केली? आधी कुणाची? किती रुपयांवर हात आखडला? दुकानदाराच्या उधारीच्या वहीत गावाची जात आणि गावाची भूक एकाच पानावर असते. ज्याच्या मागं शेत आहे त्याची उधारी चालू राहते, सुगीला फिटेल म्हणून. ज्याच्या मागं फक्त दोन हात आहेत, त्याला ‘मागचं आण, मग बोल’. ही बंद झालेली उधारी म्हणजे आपला पंचनामा.

पाचवं, विचारायची रीत. व्यापाऱ्याला धाक असतो: साठ्यावर धाड येईल, कराचं काही निघेल, पेपरात नाव येईल. पहिल्याच वाक्यात सांगा की नाव लिहिणार नाही, आणि खरंच लिहू नका. नफा विचारू नका. शेजारच्या दुकानदारासमोर विचारू नका. बाजाराच्या ऐन गर्दीत गिऱ्हाईक अडवून उभे राहू नका, सकाळी पालं पडताना जा किंवा संध्याकाळी आवरताना. एका वस्तूचा भाव एका बाजारात निदान तिघांना विचारा आणि मधला धरा, म्हणजे एखाद्याच्या थापेनं हिशोब वाकणार नाही. तुम्ही मोर्च्यात आलेले नाही, माहिती काढायला आला आहात. ‘ती लोकं दारूत घालवतात’ असं कुणी म्हणेल. रक्त तापेल. त्याचं वाक्य जसंच्या तसं टिपून घ्या आणि पुढचा आकडा विचारा. भांडायला अख्खं आयुष्य आहे, बाजार आठवड्यातून एकदाच भरतो.

सहावं, त्याच दुकानात, त्याच दिवशी, दर आठवड्याला पुन्हा जा. एकदाच काढलेला आकडा म्हणजे फोटो. आम्हाला चाल बघायची आहे.

आता हिशोब. समजा, नुसती समजूत म्हणून आकडे घेतो, पुराआधी हजेरी ३०० रुपये आणि ज्वारी ४० रुपये किलो. एका दिवसाच्या घामाची साडेसात किलो ज्वारी. आठवड्यात सहा दिवस काम, म्हणजे ४५ किलो. पुरानंतर ज्वारी ५० वर गेली आणि काम दोनच दिवस मिळालं, तर १२ किलो. बरं, भाव चढलाच नाही असं धरा. ४० चे ४०. तरी १५ किलोच. म्हणजे भाव जागेवर असूनसुद्धा घरातल्या तीन भाकरीतल्या दोन गेल्या. साहेब म्हणेल, ‘बाजारभाव स्थिर आहेत, परिस्थिती नियंत्रणात आहे.’ त्याच्या टेबलावर हा हिशोब ठेवायचा: भाव, हजेरी आणि कामाचे दिवस, तिन्ही शेजारी शेजारी. नुसता भाव खोटं बोलतो.

या पाहणीची हद्दही सांगतो, नाहीतर तुम्ही हिलाच देव कराल. व्यापारी सांगतो ते बाजारात आलेल्या माणसाचं. जी म्हातारी बाजारात आलीच नाही, तिच्याबद्दल त्याला काही माहीत नाही. म्हणून जितके व्यापारी विचाराल तितकीच घरंही विचारा, मांगवाड्यातली, महारवाड्यातली, पारध्यांच्या पालावरची. काल किती वेळा चूल पेटली, कुणी कमी खाल्लं, कुणाकडनं काय उसनं आणलं. दुकानाची वही आणि चुलीची वही समोरासमोर ठेवली की सत्य पळून जात नाही.

काही दोस्त विचारतील, माणसं उपाशी असताना वह्या काय भरता? १८७७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला अर्ज धाडत होती. रिचर्ड टेंपलनं दुष्काळी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या भावावर आणून ठेवली, तेव्हा त्या माहितीचा उपयोग झाला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी आश्रम काढून भाकरी घातली. आम्ही फुल्यांची लेकरं, भाकरी आधी. पण वही भटांच्या हातातच राहावी असं जोतीरावांनी कुठं सांगितलं? भाकरीही आपण देऊ, आकडाही आपणच काढू.

शहरातल्या दोस्तांनो, तुम्हाला एक रोखठोक सांगायचं आहे. पूर आला की पुण्या-मुंबईहून टेम्पो निघतात. त्यात तुमचेही असतात, आणि ते प्रेमानं येतात, मला ठाऊक आहे. रस्त्यालगतच्या गावात दहा टेम्पो उलटतात, आतल्या वस्तीत एकही जात नाही. रस्ता चालू असलेल्या गावात फुकटचं पीठ दोन महिने वाटलं तर वस्तीतला छोटा किराणावाला आणि पोत्यावर बसलेली बाई, ही दोघं पहिली बुडतात. मग मदत थांबली की उधारी द्यायलासुद्धा कुणी उरत नाही. आणि ज्या माणसानं बलुत्याचा पसा सोडून बाजाराची पिशवी हातात घेतली, त्याला आपण पुन्हा रांगेत उभं करून पदर पसरायला लावतो आणि वर फोटो काढतो. जिथं दुकानात माल आहे तिथं त्याच्या हातात काम द्या, पैसा द्या. तो जाईल, भाव करेल, हवी ती डाळ घेईल. जिथं माल नाही तिथं ट्रक घेऊन जा, बेलाशक जा. पण कुठं काय, हे आधी विचारा.

रोकडीलाही पहारा लागतो. याच जिल्ह्यासह राज्यातल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं रेशनचं धान्य थांबवून २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. १७० रुपयांत पाच किलो गहू-तांदूळ आपल्या बाजारात येतं का? आठवड्याला भाव लिहिणारी वही असेल तरच याचं उत्तर मिळतं. रोकड मागायची तर बाजारभावाशी बांधलेली मागा. नाहीतर आकडा तोच राहतो आणि भाकर लहान होत जाते.

तेव्हा आमची मागणी अशी. आपत्तीनंतर जिल्हाधिकारी कार्यालयात जो रोजचा तक्ता भरला जातो, त्यात बुडालेल्या हेक्टरांशेजारी बाजाराचे रकाने यावेत: भाव, साठा, हजेरी, कामाचे दिवस, बंद झालेली उधारी. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, आणि त्यावरून भूमिहीन कुटुंबांना निकषातली ती ओळ लागू व्हावी. सरकार रकाने काढेल तेव्हा काढेल. आम्ही थांबणार नाही.

या अंकाच्या मागच्या पानावर कोरा तक्ता छापला आहे. फाडून घ्या, झेरॉक्स काढा. सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या तालुक्याच्या बाजारात एक फेरी मारा आणि पहिली नोंद करा, पाऊस यायच्या आत. एकटे जाऊ नका, एक बहीण सोबत घ्या. पोत्यावर बसलेली बाई तिच्याशी बोलेल, तुमच्याशी नाही. भरलेला तक्ता गावातल्याच कुणाजवळ ठेवा आणि एक प्रत आमच्याकडं द्या. पुढच्या अंकात कवितेची दोन पानं कमी करून आम्ही भाव छापू. कवी रागावतील. रागावू देत, त्यांनाही ज्वारी विकतच घ्यावी लागते.

जयभीम.